थोरले ब्रेक

श्यामसुंदरराव तगारे ऑफिसातून घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर परातीएवढ्या दोन लोखंडी तबकड्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे माधुरीताई गालाला हात लावून बसल्या होत्या.

"मी मिक्सर मागवला होता," त्या म्हणाल्या. "खोकं आलं म्हणून फोडलं, तर हे निघालं."

"अगं, ब्रेक आहेत ते."

"कशाचे? मालगाडीचे?"

श्यामसुंदररावांनी बॅग खाली ठेवली, हात धुतले आणि खोक्यातून तांबड्याभडक रंगाचे दोन जाडजूड कॅलिपर उचलून प्रेमाने टेबलावर ठेवले. फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग तो हाच. जुन्यात एकच दट्ट्या होता, यात सहा होते. माधुरीताईंनी ते मोजले आणि त्या कणीक मळायला आत निघून गेल्या. गाडी घेतली तेव्हा त्यांना जो धक्का बसला होता तो ओसरायला दिवाळीपासून होळी उजाडावी लागली होती. आता नवा धक्का घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

गाडी होती लाल, दोन दारांची, दोनच माणसांची आणि पंचवीस वर्षांची. बबीन्याच्या लष्करी छावणीतून निवृत्त होऊन नागपूरला चाललेल्या एका कर्नलसाहेबांकडून श्यामसुंदररावांनी ती घेतली होती. तोवर या गृहस्थाने आयुष्यात एकही अविचार केलेला नव्हता. मूळचे सांगलीचे, चोवीस वर्षांपूर्वी झाशीजवळच्या एका सरकारी कारखान्यात राजभाषा अधिकारी म्हणून चिकटलेले. बुंदेलखंडातली माणसं कचेरीत नीट हिंदी वापरतात की नाही हे बघायला सांगलीचा माणूस नेमलेला, याचं आरंभी लोकांना हसू येई. पुढे येईनासं झालं, कारण श्यामसुंदरराव शब्दाला फार पक्के होते. 'फाइल' म्हणणाऱ्याची 'पत्रावली' ते पुढे सरकू देत नसत. कुठल्याही शब्दाचा वाद निघाला की कपाटातला जाडा शब्दकोश काढायचा आणि बोट ठेवून दाखवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

ब्रेकचं प्रकरण झाशीतल्या चित्रा चौराह्यावर, भर चौकात सुरू झालं होतं. रस्त्याच्या मधोमध एक गाय उभी होती, श्यामसुंदररावांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली ती गायीच्या पोटाला हलकेच टेकून. गाय हलली नाही. तिने मान वळवून काचेतून त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी दीनानाथच्या गॅरेजात गेली.

दीनानाथ सिपरी बाजारातला जुना मिस्त्री. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, ब्रेक में कोनऊ खोट नइयां. पैड बदल देत, तेल बदल देत. असली रोग टायर को है. लकड़ी हो गए हैं. गाड़ी ब्रेक से नईं, टायर से रुकत है."

ब्रेकची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला टायर बदला म्हणणं, म्हणजे दात दुखतोय म्हणून गेलेल्याला चष्मा देणं, असं श्यामसुंदररावांचं मत झालं. मग त्यांनी आठवडाभर मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले. त्यांच्या गाड्यांना थोरले, लाल, चाकाच्या फटीतून झळकणारे ब्रेक होते आणि कुठल्याही व्हिडिओत गाय नव्हती.

खोकं घेऊन ते परत गेले तेव्हा दीनानाथने एक तबकडी दोन्ही हातांनी तोलून पाहिली. "जे का उठा लाए, बाबूजी?" त्याने विचारलं. "और पीछे के?"

"पीछे के ठीक हैं. रोकने का काम आगे वाले करते हैं."

"सो तो है. पर कंपनी ने नाप-तौल के बाँटो है. आगे इतनो, पीछे इतनो. एक को पहलवान बना देओगे तो बिगर जैहे."

"आप लगाइए," श्यामसुंदरराव म्हणाले. दीनानाथने ब्रेक बसवले. काढलेले जुने ब्रेक मात्र त्याने पोत्यात घालून, पोत्याचं तोंड सुतळीने बांधून, माधुरीताईंच्या हवाली केले.

पुढच्याच शुक्रवारी दोघं लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला निघाली. माधुरीताईंच्या मांडीवर ओटीचं ताट आणि ताटात खिरीचा डबा. गाडी मजेत चालली होती. तालाजवळच्या उतारावर श्यामसुंदररावांनी जरा वेग दिला आणि नेमक्या त्याच वेळी डाव्या बाजूच्या गल्लीतून म्हशी निघाल्या. एक, दोन, मग अख्खा कळप.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडीने नाक असं खाली खुपसलं की जणू रस्त्यावर तिचं काही सांडलं होतं. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम झाली. श्यामसुंदररावांनी स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी सरळ गेली. आणखी फिरवलं. गाडी सरळच गेली, किंचाळत, धूर काढत, शांतपणे समोर बघत. म्हशींना बहुधा कल्पना आली असावी, कारण त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने फाकल्या. गाडी त्यांच्यामधून घसरत गेली आणि देवळाबाहेरच्या फुलवालीच्या झेंडूच्या ढिगात शिरून थांबली.

खीर समोरच्या काचेवरून सावकाश खाली ओघळत होती. तिच्यातला एक बेदाणा श्यामसुंदररावांच्या डोळ्यांसमोर आला, थबकला आणि पुढे गेला.

फुलवाली पार्वती हार हातात धरून उभी होती. मग तिने खाली वाकून काचेतून आत पाहिलं आणि म्हणाली, "भैया, फूल लेने हते तो उतर के लेते."

एव्हाना पुजारी धावत आला. लाल गाडी, बोनेटवर झेंडूच्या माळा, आत नवराबायको आणि ओटीचं ताट, एवढं पाहून त्याचा व्हायचा तो समज झाला. "नई गाड़ी की पूजा है न?" म्हणत त्याने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बंपरसमोर नारळ फोडला. नाही म्हणायला श्यामसुंदररावांनी काच खाली केली. पुजाऱ्याने खिडकीतून हात घालून दोघांना कुंकू लावलं.

परतीच्या वाटेवर माधुरीताई एकच वाक्य बोलल्या. "स्टीअरिंग उजवीकडे होतं, मी बघितलं. मग गाडी सरळ का गेली?"

श्यामसुंदररावांनी काचेवरची उरलेली खीर रुमालाने पुसली. माधुरीताई कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत गणित शिकवत. उत्तर न आलेला प्रश्न त्या तसाच सोडून देत नसत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या आपली जुनी पांढरी गाडी घेऊन थेट दीनानाथकडे गेल्या. ही गाडी त्या चौदा वर्षं चालवत होत्या आणि तिच्याविषयी घरात कधी चर्चाही झाली नव्हती.

"ब्रेक लगाया कि सगळं वजन पुढे येतं," संध्याकाळी पोहे परतता परतता त्यांनी अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत नवऱ्याला सांगितलं. "म्हणून पुढच्या चाकांनी जास्त थांबवायचं, मागच्यांनी कमी. त्याचं एक प्रमाण असतं, समजा सत्तर-तीस. तुम्ही पुढे सहा दट्टे लावलेत. टायरला ते झेपत नाहीत, चाकं लगेच जाम होतात. आणि जाम झालेलं चाक वळत नाही, नुसतं घसरतं. मागचे बिचारे बसून बघतात. संतुलन गेलंय गाडीचं. दीनानाथभैया म्हणतात, जुने ब्रेक परत घाला. टायर मी सांगून ठेवलेत, आठवड्यात येतील."

या सगळ्यातला एकच शब्द श्यामसुंदररावांच्या कानात रुतून बसला. संतुलन. ते उठले, आतून शब्दकोश घेऊन आले आणि त्यांनी बोट ठेवलं.

"हे बघ. संतुलन: दोनों पक्षों का भार समान होना. समान, माधुरी. म्हणजे चूक ब्रेक लावण्यात नव्हती. अर्धेच लावण्यात होती."

"अहो, ते तराजूचं झालं."

"शब्द तोच आहे."

"प्रमाण आणि समान यांत फरक असतो. सातवीच्या मुलांना कळतो."

श्यामसुंदररावांनी शब्दकोश मिटला. मिटल्यावर चर्चा संपते असा त्यांच्या कचेरीतला रिवाज होता, आणि घरातही तो चालतो अशी त्यांची समजूत होती.

मागचे ब्रेक बसवायला दीनानाथने हात जोडून नकार दिला. तेव्हा ते ग्वाल्हेर रस्त्यावरच्या एका नव्या दुकानात गेले. तिथे गाड्यांना वाट्टेल ते लावून देत. तिथल्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही, हे श्यामसुंदररावांना फार आवडलं. गुरुवारी संध्याकाळी मागच्या दोन चाकांतही परातीएवढ्या तबकड्या आणि सहा-सहा दट्टे बसले. काढलेले जुने ब्रेक घरी येऊन त्याच पोत्यात पडले. चारी चाकांतून लाल रंग झळकू लागला. समान.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात राजभाषेचं निरीक्षण होतं. श्यामसुंदररावांच्या नोकरीतली ही कसोटीची घटका होती. चोवीस वर्षांत झाशीला राजभाषेची ढाल एकदाही मिळाली नव्हती, आणि गेली तीन वर्षं खपून त्यांनी एकेक कागद मार्गी लावला होता. दिल्लीहून येणारे उपनिदेशक सुभाषचंद्र जी म्हणजे या क्षेत्रातलं कडक प्रस्थ. आडनाव लावत नसत, हसत नसत. त्यांच्यासमोर 'टेबल' म्हणालेल्या एका अधिकाऱ्याला त्यांनी 'अर्थात् मेज' एवढंच म्हटलं आणि त्या माणसाने बदली मागून घेतली, अशी वदंता होती.

त्यांना स्टेशनवरून आणायला कचेरीची गाडी जायची होती. पण ती आदल्या दिवशी मऊरानीपूरला गेली आणि तिथेच बंद पडली. सकाळी ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा माधुरीताई म्हणाल्या, "माझी गाडी न्या."

श्यामसुंदररावांनी खिडकीतून लाल गाडीकडे पाहिलं. "तुझ्या गाडीला साधे ब्रेक आहेत," ते म्हणाले. "एवढा मोठा माणूस."

सुभाषचंद्र जी आगगाडीतून उतरले, प्लॅटफॉर्मवर नमस्कार झाला, बाहेर आले आणि लाल गाडी बघून थांबले. त्यांची सूटकेस मागे मावेना म्हणून ती त्यांच्याच मांडीवर घ्यावी लागली. "यह शासकीय वाहन है?" त्यांनी विचारलं.

"निजी है, महोदय. किंतु सुरक्षित है. चारों पहियों में समान गतिरोधक हैं."

'गतिरोधक' या शब्दावर सुभाषचंद्र जींनी समाधानाने मान हलवली. श्यामसुंदररावांना वाटलं, ढाल निम्मी आपली झाली. रस्ताभर ते जपून, ब्रेकला पाय न लावता गाडी चालवत राहिले. साहेब खिडकी उघडी ठेवून वारा घेत होते.

कारखान्याच्या फाटकावर स्वागताची तयारी झाली होती. महाप्रबंधक गुच्छ घेऊन उभे, मागे दोन रांगांत कर्मचारी, वर फलक. धूळ उडू नये म्हणून टँकर आणून रस्ता सकाळीच शिंपून काढला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं होतं की दिल्लीचे साहेब येताहेत, अडसर वर ठेव. त्याने ठेवला होता. पण समोरून आली लाल, बसकी, दोन दारांची गाडी. साहेब असल्या गाडीतून येत नाहीत, एवढं त्याला बावीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. कुठला तरी बड्या घरचा पोरगा घुसतोय असं समजून त्याने अडसर खाली सोडला.

श्यामसुंदररावांनी ब्रेक दाबला.

या खेपेला नाक तेवढं खाली गेलं नाही. गाडीचं सगळं वजन पुढे सरकलं, शेपूट हलकं झालं, आणि त्या हलक्या शेपटाला सहा-सहा दट्ट्यांनी गच्च धरलं. मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होऊन सुटली. फाटक डावीकडे गेलं. मग महाप्रबंधक गुच्छासह डावीकडे गेले. मग कर्मचाऱ्यांची पहिली रांग, दुसरी रांग, चहाची टपरी, बाभळी आणि शेवटी ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता समोर आला. गाडी थांबली. तिचं तोंड झाशीकडे होतं आणि मागचा बंपर अडसरापासून वीतभर लांब.

हे होत असताना श्यामसुंदररावांच्या तोंडून आवाज निघाला नव्हता. निघाला तो शेजारून, सूटकेसच्या मागून. मोठा, खणखणीत, उघड्या खिडकीतून सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असा.

"आई गं, मेलो मेलो मेलो. अरे थांबव की मुडद्या."

श्यामसुंदररावांचे हात स्टीअरिंगवरच राहिले. गाडी फिरली याचा धक्का ते विसरले. त्यांनी हळूहळू मान वळवली. सुभाषचंद्र जी समोर बघत होते. त्यांचा चष्मा एका कानावर लोंबत होता.

तेवढ्यात गुच्छ घेऊन महाप्रबंधक पाठीमागून पळत आले. "सर, आप ठीक तो हैं? आपने कुछ कहा?"

"जी नहीं," सुभाषचंद्र जी म्हणाले.

मागच्या रांगेतल्या एका कारकुनाने विचारलं, "तगारे जी, सर कौन सी भाषा बोले?"

"संस्कृत," श्यामसुंदरराव म्हणाले. "संकट का मंत्र था."

निरीक्षण दुपारी चारपर्यंत चाललं. श्यामसुंदररावांना त्यातलं काही आठवत नव्हतं. ते पत्रावल्या पुढे करत होते आणि आपली ढाल, नोकरी आणि अब्रू ग्वाल्हेर रस्त्यावरून गटांगळ्या खात चाललेली बघत होते. साहेब एकेक कागद तपासत होते, चेहऱ्यावर रेषा नाही. फाटकावर काय झालं ते माधुरीताईंना साडेदहालाच कळलं होतं, कारण कॉलनीत अशा बातमीला फोन लागत नाही. त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. दीनानाथला बोलावलं, त्याने गाडी ओढून नेली, पोत्याची सुतळी सोडली आणि कर्नलसाहेबांच्या वेळचे जुने ब्रेक चारी चाकांना परत बसवले. पॅड नवे, तेल नवं, आणि आदल्याच दिवशी आलेले टायरही नवे.

साहेबांची परतीची आगगाडी सातला होती. साडेचारला त्यांनी शेवटच्या कागदावर सही केली, बाकीच्यांना जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. श्यामसुंदरराव उभे राहिले.

"तगारे," साहेब म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. "तुम्ही... कुठले?"

"सांगलीचा, साहेब."

"मी बार्शीचा. सतराव्या वर्षी अलाहाबादला गेलो शिकायला. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर मराठी बोलायला माणूसच नव्हता. बायको बनारसची, मुलांना येत नाही. मला वाटलं होतं, गेली असेल आता." ते थांबले. "सकाळी आली. एकदम सगळी आली."

श्यामसुंदररावांनी समोरची पत्रावली मिटली. ते म्हणाले, "घरी चला. थालीपीठ खाऊन जा."

साहेब घरी आले. माधुरीताईंनी थालीपीठ, लोणी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. चटणीचा पहिला घास घेऊन साहेबांनी बाह्या सारल्या आणि सहा थालीपिठं खाल्ली. बोलताना ते अडखळत, 'लेकिन' म्हणत आणि स्वतःलाच दुरुस्त करून 'पण' म्हणत. माधुरीताईंना ते ताई म्हणू लागले. सकाळच्या प्रकाराचा उलगडा त्यांनी विचारला तेव्हा माधुरीताईंनी दोन वाट्या आणि एक उलथनं घेऊन त्यांना सत्तर-तीस समजावून सांगितलं. साहेबांना ते पहिल्या झटक्यात समजलं. श्यामसुंदरराव पाणी आणायला आत गेले.

अहवालाची प्रत त्यांनी जेवणाआधीच वाचली होती. कारखान्याचं काम 'उत्कृष्ट', ढालीसाठी शिफारस. सर्वांत खाली एकच सूचना: अतिथियों के परिवहन हेतु वैकल्पिक व्यवस्था पर विचार किया जाए.

सहा वाजता निघायची वेळ झाली. दारात दोन गाड्या उभ्या होत्या. श्यामसुंदरराव मुकाट्याने पांढऱ्या गाडीची किल्ली घ्यायला वळले, तेव्हा साहेब म्हणाले, "लाल गाडीनेच जाऊ या की. आता ब्रेक ठीक आहेत ना, ताई?"

"एकदम. मी दुपारी फाटकापर्यंत चालवून बघितली. कसून दाबला तरी सरळ थांबते."

"मग तुम्हीच चालवा," साहेब म्हणाले आणि दार उघडून आत बसले.

श्यामसुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. माधुरीताईंनी पदर खोचला, चष्मा पुसला आणि सीट दोन बोटं पुढे ओढून घेतली. गाडीत जागा दोनच होत्या. पांढऱ्या गाडीच्या किल्लीसाठी श्यामसुंदररावांनी हात पुढे केला, तर ती माधुरीताईंच्या पर्समध्ये होती आणि पर्स एव्हाना कॉलनीच्या वळणावरून दिसेनाशी होत होती. साहेबांची सूटकेस तेवढी पायरीवर राहिली होती.

ती मांडीवर घेऊन ते ई-रिक्षात बसले. पुढे, हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या वळणावर लाल गाडी सिग्नलला एकदा थांबलेली दिसली. सुतात, सरळ, दोन्ही खिडक्या उघड्या, आणि आतून साहेबांच्या हसण्याचा आवाज. मग ती निघून गेली.

चित्रा चौराह्यावर वाटेत एक बकरी आडवी आली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला आणि रिक्षा जागच्या जागी उभी राहिली. न हलता, न वळता, बकरीपासून हातभर अंतरावर. श्यामसुंदररावांच्या मांडीवरची सूटकेससुद्धा हलली नाही.

त्यांनी पुढे वाकून विचारलं, "भैया, ब्रेक कौन से लगवाए हैं?"

रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "जो लगे आए थे, बाबूजी," तो म्हणाला. "हमने छेड़े ही नहीं."